धाकट्या रंगाऱ्याचा उजवा हात

धुकं असं उतरलं होतं, की समोरच्या इमारतीच्या खिडक्या कुणी ओल्या फडक्याने पुसून टाकल्यासारख्या वाटत होत्या. असल्या हवेत रंग वाळत नाही. भिंतीवर तळवा ठेवला तर ती नुकताच ताप उतरलेल्या माणसाच्या पाठीसारखी ओलसर लागते. धाकट्या रंगाऱ्याने दोन-तीन ठिकाणी हात लावून बघितला, "आज ही बया नखरे करणार," असं स्वतःशीच पुटपुटला आणि भिंतीच्या खाचांत लांबी भरायचं काम बाजूला सारून छताच्या कडेची रेघ ओढायला शिडीवर चढला.

खोली दातांच्या दवाखान्याची होती. खुर्ची अजून यायची होती, तिच्या जागी जमिनीतून नुसत्या नळ्या वर आल्या होत्या. भिंती फिक्या निळ्या, छत पांढरं. ही दोन जिथे भेटतात, तिथली रेघ म्हणजे रंगाऱ्याची खरी सही. चिकटपट्टी लावून ती मारणं म्हणजे कुबड्या घेऊन नाचणं, असं त्याचा थोरला भाऊ म्हणायचा. हे दोघे चिकटपट्टीविनाच काम करत आले. तिरपा ब्रश, अर्धा बुडवलेला, डब्याच्या कडेला एकदाच निथळलेला. मग श्वास धरायचा आणि खांद्यापासून हात न्यायचा.

थोरल्याला जाऊन तीन हिवाळे झाले होते, पण धाकट्याचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. केस पिकले, एक गुडघा कुरकुरायला लागला, सून घरात आली, तरी गिऱ्हाईकं 'धाकट्याला बोलवा' असंच म्हणायची. थोरल्याला कंपवाताने नेलं. एकदम नाही, ओल भिंतीत चढते तसं, हळूहळू, आतून.

आज धाकटा रेघेकडे बघतच नव्हता. बघत होता तो स्वतःच्या हाताकडे. ब्रश पुढे सरकत होता, रेघ मागे उमटत होती, आणि हा चोरावर पाळत ठेवावी तसा स्वतःच्या अंगठ्यावर डोळा ठेवून होता. कोपऱ्यापर्यंत पोहोचला. रेघ सरळ आली होती. त्याने धरलेला श्वास सोडला. "आहे, आहे, हात जागेवर आहे," असं म्हणाला आणि शिडी सरकवायला खाली उतरला. पण त्या सुटकेला बूड नव्हतं. तासाभराने त्याला पुन्हा तसंच बघावं लागलं, आणि दुपारपर्यंत तो रेघ न ओढता नुसती परीक्षाच देत बसला होता.

हे सगळं रविवारपासून सुरू झालं होतं.

धाकटा गोल्फ खेळायचा. हे ऐकून लोक आधी त्याच्या रंगाने माखलेल्या विजारीकडे बघायचे आणि मग हसायचे. गावाच्या कडेला सगळ्यांसाठी खुलं असलेलं एक मैदान होतं. तिथल्या लाकडी खोलीला याने फार वर्षांपूर्वी रंग दिला होता. पहिला हात वाळेपर्यंत करायचं काय, म्हणून कोपऱ्यात पडलेली एक गंजकी काठी उचलली, एक चेंडू मारला, आणि तो चुकून असा सुरेख उडाला की माणूस जन्माचा फसला. तसा चेंडू पुन्हा उडावा म्हणून तो वर्षानुवर्षं दर रविवारी जात राहिला. थोरल्याला हे कधीच पटलं नाही. "काठीने अंडं ढकलत कोसभर चालायचं आणि शेवटी बिळात घालायचं. कोंबडीला कळलं तर पंख आपटून हसेल," असं तो म्हणायचा.

खेळात धाकटा मधला होता. वाईट नाही, चांगलाही नाही. नवशिक्याची लोकांना कीव येते, तरबेजाला मान मिळतो, मधल्याला मिळतो तो सल्ला. त्यातही बरा सल्ला मिळायचा तो शिट्टीबाईंकडून. या बाई पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या. आता सरावाचं मैदान सांभाळायच्या, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी त्या मधल्यांची शिकवणी घ्यायच्या.

"मधला माणूस सराव करत नाही," त्या म्हणायच्या, "मजुरी करतो. टोपलीभर चेंडू घेतो, एकच काठी धरतो आणि गवत झोडपत सुटतो. टोपली रिकामी, घाम आला, समाधान झालं. अरे, मैदानावर खेळताना कधी एकाच जागेवरून तीच काठी लागोपाठ दहादा मारतोस का? नाही ना? मग इथे कुणासाठी मारतोस? टोपलीसाठी?"

त्या एका काठीने दुसऱ्यांदा मारू द्यायच्या नाहीत. प्रत्येक चेंडूला काठी बदला, निशाण बदला, मागे जाऊन उभे राहा, कुठे पाडायचाय ते बघा, मग पुढे या. चेंडू असा मारा की तो एकच आहे आणि चुकला तर शोधायला झाडीत जावं लागणार आहे. जवळच्या फटक्यांसाठी त्या चेंडूच्या वीतभर मागे टॉवेल अंथरायच्या. काठी आधी जमिनीला लागली की टॉवेल उडायचा आणि सगळ्यांना कळायचं. आणि ग्रीनवर, म्हणजे होलच्या भोवतीच्या त्या बारीक कापलेल्या गवतावर, लाकडी खुंट्या रोवून पटर जेमतेम जाईल एवढंच दार करायच्या. पटर म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची चपटी काठी. खुंटीला लागला, की पुन्हा पहिल्यापासून. "अर्धे फटके इथे जातात. मग अर्धा वेळ इथे घालवा. एवढा हिशेब माझ्या मांजरालाही कळतो."

धाकट्याला हे मनापासून पटलं होतं. दोन वर्षं त्याने इमानाने खुंट्यांच्या दारातून चेंडू नेला होता. जवळच्या चेंडूंवर त्याचा हात बसला होता. जोडीचा सामना असला की त्याचा जोडीदार पोस्टमन लांबचं सगळं बिघडवून ठेवायचा आणि म्हणायचा, "काळजी नको, शेवटची रेघ ओढायला आमचा रंगारी आहे."

त्या रविवारी जोडीचाच सामना होता. होल हातभर अंतरावर. झोपेतही जाईल असा चेंडू. धाकटा वाकला, खांदे सैल केले, पटर मागे नेला आणि तो पुढे येत असताना त्याच्या उजव्या हाताला झटका बसला. कुणी कोपराला धक्का मारावा तसा. चेंडू होलच्या कडेवरून सुसाट गेला आणि पलीकडे आधीपेक्षा लांब जाऊन थांबला. तो तिकडे गेला, पुन्हा वाकला. पुन्हा झटका.

पोस्टमन खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ती सुटलेलीच नव्हती. समोरच्या जोडीने आभाळाकडे बघितलं. हा त्या खेळातला अलिखित शिरस्ता होता. त्या झटक्याला नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. फारच बोलायची वेळ आली तर 'पाहुणा' म्हणतात. पाहुणा आलेल्या माणसाच्या हाताकडे बघायचं नाही, नाहीतर तो उठून आपल्याकडे मुक्कामाला येतो, असं भले भले मानतात.

धाकट्याच्या मनात मात्र पाहुणा आलाच नाही. त्याला दिसला थोरल्याचा हात. शेवटच्या वर्षांत खुर्चीच्या हातावर ठेवलेला, आणि अंगठा नि तर्जनी सारखी एकमेकांवर फिरतायत, जणू पिठाची न दिसणारी गोळी वळतायत.

घरी जाताना त्याने काठ्यांची पिशवी डाव्या खांद्यावर घेतली आणि उजवा हात खिशात घातला. तेव्हापासून कामाची वेळ सोडली तर तो हात खिशातच होता.

दवाखान्याचं काम दुपारी थांबवावं लागलं, भिंत काही ऐकेना. धाकट्याने ब्रश ओल्या फडक्यात गुंडाळले आणि घरी न जाता सरावाच्या मैदानावर गेला. धुकं थोडं विरलं होतं. ग्रीनवर कुणी नव्हतं. त्याला तेच हवं होतं.

आधी चेंडूच ठेवला नाही. नुसता पटर झुलवला. हात मुंगीसारखा निमूट चालला. मग चेंडू ठेवला, पण होलकडे पाठ करून मोकळ्या गवतावर ढकलला. ठीक. डाव्या हाताने एकट्याने मारला, ठीक. डोळे मिटून मारला. कुठे गेला देव जाणे, पण झटका नाही. मग तो होलच्या समोर, रोवलेल्या खुंट्यांच्या दारात आला. हातभर अंतर. पाय जुळवले, आणि पटर हलण्याआधीच त्याला मनगटात ते जाणवलं, मांजर उडी मारायच्या आधी दबा धरतं तसं. चेंडू खुंटीवर आपटला.

"किती वेळ चाललंय?"

शिट्टीबाई मागे उभ्या होत्या, हातात चेंडू वेचायची जाळी.

"आत्ताच आलो."

"तू कधी आलास ते नाही विचारलं."

बाईंनी जाळी खाली ठेवली, जवळ आल्या, आणि शिरस्ता मोडून सरळ त्याच्या हाताकडे बघितलं.

"पाहुणा आलाय," त्या म्हणाल्या. "घाबरू नको, माझ्याकडे सात वर्षं होता. हाकलायला जाशील तितका हातपाय पसरतो. त्याला बसायला जागा द्यायची नाही एवढंच आपल्या हातात. हात उलटे धर. डावा खाली, उजवा वर. आणि चेंडूकडे बघू नकोस, होलकडे बघ. भांडं भरलेलं असताना आपण भांड्याकडे बघत चाललो की सांडतं, दाराकडे बघत चाललो की नाही सांडत. तसं."

"आणि बाई, तो पाहुणा नसला तर?"

"मग कोण?"

"दुसरं काही. आजार."

थोरल्याचं त्यांना माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं?

"ते माझ्या टोपलीतलं नाही रे," त्या म्हणाल्या, आवाज एकदम खाली आणून. "मी काठी धरायला शिकवते. त्याच्यापलीकडचं मला विचारू नकोस, आणि मी सांगितलं तर ऐकूही नकोस."

संध्याकाळी त्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. बायको समोर धुतलेले कपडे घडी घालत बसली होती. तिने एका बाहीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"थंडी वाजतेय का?"

"छे."

"मग कप काय पळून जाणारे? आणि रविवारपासून उजवा हात खिशात घालून फिरताय. खिशात काय अंडी उबवताय?"

"खांदा आखडलाय. शिडीवर दिवसभर..."

"अहो," ती म्हणाली, आणि त्या 'अहो'त थट्टा नव्हती. "माझ्याशी खोटं बोला, हरकत नाही, सवय आहे. पण मी आज त्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावलाय. दादांना बघायच्या त्याच. पुढच्या आठवड्यात."

घड्या घातलेले कपडे उचलून ती आत गेली आणि आतून बराच वेळ कपाट उघडल्याचा आवाज आला नाही.

त्या रात्री त्याने मनाशी हिशेब मांडला. हात पटर धरताना उडतो. ब्रश धरताना उडत नाही. थोरल्याला जे झालं ते असतं तर रेघ वाकडी आली असती. रेघ सरळ आहे, म्हणजे आपण धडधाकट. हा हिशेब त्याला इतका आवडला की तो कुणाकडून तरी ऐकावा असं वाटायला लागलं. आणि हा हिशेब तपासून देणारं माणूस जगात एकच होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो वहिनीकडे गेला.

वहिनी दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. खिडकीजवळ शिवणयंत्र, त्याच्यावर दुसऱ्यांच्या विजारी, दाताखाली दोरा. लोकांच्या कपड्यांची लांबी-रुंदी कमीजास्त करून देणं हे त्यांचं काम. त्यांनी मान वर केली.

"या भावजी. वाट चुकलात का?"

"असं काय म्हणता वहिनी? इथून चाललो होतो."

"इथून पुढे रस्ताच नाही. गटार आहे आणि मग भिंत." त्यांनी दोरा तोडला. "बसा. त्या ढिगावर नको, तिथे टाचण्या आहेत. मागच्या वेळी एक गिऱ्हाईक बसलं, ते अजून उभ्यानेच बोलतं माझ्याशी."

तो स्टुलावर बसला. उजवा हात खिशात. इकडचं तिकडचं बोलणं झालं. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचं पोपटावरून झालेलं भांडणही बोलून झालं. मग बोलणं आपोआप संपलं.

"वहिनी," तो म्हणाला, "दादाचं कसं सुरू झालं होतं?"

वहिनींचा पाय यंत्राच्या पायटीवरून खाली आला.

"आज बरी आठवण झाली?"

"असंच मनात आलं. मी त्याच्या शेजारी शिडीवर असायचो. मला कामावर कधी काही दिसलं नाही. रेघ तर त्याची कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत सरळ होती. म्हणजे हातात उशिरा उतरलं असणार. आधी दुसरीकडे कुठे..."

"कामावर कसं दिसणार?" वहिनी म्हणाल्या. "ब्रश हातात आला की ह्यांचा हात गप्प व्हायचा. पोरगं दूध मिळाल्यावर गप्प होतं तसं. थरथरायचा तो रिकामा असताना. जेवून बसले की, रात्री पलंगावर पडले की. काम करताना नाही."

धाकट्याला शिडीची पायरी पायाखालून निसटावी तसं झालं. ज्या रेघेच्या भरवशावर तो तीन दिवस जगला होता, ती कसलाच पुरावा नव्हती. थोरल्याच्या हातात आजार मुरत होता तेव्हाही रेघ सरळच येत होती.

वहिनी आपल्याच तंद्रीत बोलत होत्या. "म्हणून तर घरी यायचे नाहीत. काम संपलं तरी दुसरं शोधायचे. रविवारी पण. जिन्याचा कठडा रंगवला, कुणी सांगितलं नव्हतं. माझी ही पेटी दोनदा रंगवली. मी भांडायचे. तुम्ही पण म्हणायचात, दादाला कामाची हाव सुटलीय."

म्हणाला होता तो. तोंडावर म्हणाला होता. थोरला रविवारी सकाळी दारात येऊन उभा राहायचा, "चल रे, एक खोली आहे नुसती, दोघं असलो की दुपारपर्यंत उरकेल," आणि हा काठ्यांची पिशवी खांद्याला लावत म्हणायचा, "तुझी हाव तू भागव दादा, मला रविवार असतो." थोरला थोडा वेळ दारातच थांबायचा. हात पाठीमागे बांधलेले. धाकट्याला वाटायचं, रागावून उभा आहे.

"मला कुणीच सांगितलं नाही," तो म्हणाला.

"त्यांनी सांगू दिलं नाही. धाकट्याला कळलं तर तो शिडी धरून उभा राहील, असं म्हणायचे. मला कुणी शिडी धरलेली चालणार नाही, म्हणायचे."

त्या उठल्या, पाण्याचा पेला भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने डावा हात पुढे केला. वहिनींनी पेला दिला नाही.

"भावजी, उजवा कुठे आहे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने सांगितलं. रविवारचा चेंडू, हातभर अंतर, झटका. पोस्टमनची न सुटलेली नाडी. सरावाच्या मैदानावर डोळे मिटून मारलेले चेंडू. चेंडू नसला की हात शांत, होल नसला की शांत, आणि दोन्ही समोर आले की कुणी कोपर ढकलल्यासारखा. कसंबसं, उलटसुलट सांगितलं. वहिनी मध्ये हसल्या नाहीत, खेळाला नावं ठेवली नाहीत.

"आणि रिकामा असताना?"

"काय?"

"हात रिकामा असताना काय करतो?"

हात रिकामा असताना त्याने तो बघितलाच नव्हता. काम करतानाचा अंगठा डोळ्यांत तेल घालून बघितला होता. काम संपलं की खिशात, नाहीतर मांडीखाली, नाहीतर कपाभोवती. ज्या जागी बघायला हवं होतं तीच जागा त्याने झाकून ठेवली होती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

वहिनींनी आपली खुर्ची ओढून त्याच्या समोर आणली. गुडघ्याला गुडघे लागतील इतकी जवळ. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"काढा बाहेर. ठेवा मांडीवर. तळवा वर. सैल सोडा."

"वहिनी, राहू दे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे..."

"ठेवा म्हणते ना."

त्याने हात काढला. नखांच्या कडांना फिका निळा रंग. मांडीवर ठेवला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला, सुई टोचताना माणूस दुसरीकडे बघतो तसं. आयुष्यात इतकी जड वस्तू त्याने मांडीवर ठेवली नव्हती. खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिचं एक चाक किरकिरत होतं.

"वर्षाचे महिने उलटे म्हणा," वहिनी म्हणाल्या.

"हे काय आता?"

"ह्यांना म्हणायला लावायच्या डॉक्टरीणबाई. मन दुसरीकडे गुंतलं की हात खरं बोलतो. म्हणा."

"डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर. सप्टेंबर." तो थांबला. "जुलै."

"ऑगस्ट कुणी खाल्ला? परत म्हणा."

त्याने परत म्हटले. सगळे म्हटले. वहिनींची नजर त्याच्या अंगठ्यावरून हलली नाही. मग त्यांनी त्याला दारापर्यंत चालत जायला आणि परत यायला लावलं. तो चालला. परत येऊन बसला. हात पुन्हा मांडीवर.

वहिनी अजूनही बघत होत्या. पण आता, त्याला जाणवलं, त्या त्याचा हात बघत नव्हत्या. तो हात थोरल्याच्या हातासारखाच होता, तीच जाड पेरं, तीच वाकडी करंगळी. आणि तो निवांत पडला होता, थोरल्याचा कित्येक वर्षांत पडला नव्हता तसा.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"हे ते नाही. चालताना हात पण झुलतोय. ह्यांचा उजवा अंगाला चिकटून असायचा, मला वाटायचं ऐट करतायत." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "डॉक्टरीणबाईंना दाखवा. मी काय डॉक्टर नाही. पण मी त्या हाताशेजारी झोपलेय भावजी. पलंग हलायचा रात्री. मी उठून माझा हात त्याच्यावर ठेवायचे, मग थोडा वेळ थांबायचा. मला कळतं."

धाकट्याने मान खाली घातली. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आली ती लाज, कारण आत कुठेतरी हायसं वाटत होतं आणि ज्याच्या हाताने हे हायसं वाटणं दिलं, तो हात आता उरला नव्हता. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, तेवढाच वेळ, आणि मग नाक जोरात शिंकरलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडून अंगठ्यावर भराभर बोट आपटून घेतलं, गोल गोल रेघा काढून घेतल्या, महिनेसुद्धा उलटे म्हणायला लावले. हा तेव्हा ऑगस्ट विसरला नाही. थोरल्याच्या आजाराचं काही चिन्ह आज दिसत नाही, त्या म्हणाल्या. उद्याची हमी मी कुणालाच देत नाही, वर्षाने पुन्हा या. बायको डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून थोडा वेळ उठलीच नाही. पाहुणा मात्र गेला नाही. धाकटा हात उलटे धरून, होलकडे बघत मारायला शिकला. कधी चेंडू जातो, कधी जात नाही. एकदा झटका बसला तेव्हा पोस्टमन नाडीकडे वळायला लागला, तर हा म्हणाला, "बघ रे सरळ. आजार नाही, खेळच आहे." मधला होता, मधलाच राहिला.

पण वहिनींकडच्या त्या संध्याकाळी यातलं काहीच अजून घडलं नव्हतं. खिडकीतला उजेड विजारींच्या ढिगावरून सरकत यंत्राखाली गेला होता. दोघं अजून तशीच समोरासमोर बसली होती.

"दादाला एकदा तरी म्हणायला हवं होतं मी," धाकटा म्हणाला, "की चल, येतो."

खोटा दिलासा द्यायची वहिनींना कधीच सवय नव्हती. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, पाण्याचा पेला त्याच्या उजव्या हातात दिला, तो पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि रिकामा पेला परत घेतला.

"आलाच आहात तर ते कपडे धुवायचं मशीन जरा पुढे ओढा," त्या म्हणाल्या. "मागे ओल आलीय. भिंतीला फोड आलेत नुसते. माझ्याच्याने हलत नाही."

तो उठला. मशीन दोन्ही हातांनी धरून, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर, असं नाचवत बाहेर काढलं. मागच्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला होता; बोट लावलं की गळत होता. नळीच्या जोडावर थेंब होता. त्याने आधी तो जोड आवळला.

"जुनं वर्तमानपत्र द्या एखादं. आणि सुरी. बोथट असली तरी चालेल."

वहिनींनी दोन्ही आणून दिलं. तो गुडघ्यावर बसला, कुरकुरणारा गुडघा सावरून, कागद भिंतीच्या कडेला पसरला आणि सुटलेला रंग खालून वर खरवडायला लागला.